जॅकेटमधलं आर्मर: दुरुस्तीच्या टेबलावरून

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझ्याकडे ३५० सीसीची बाईक आहे. रोज पुण्यात ऑफिसला जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर, आणि महिन्यातून दोन रविवार ताम्हिणी नाहीतर वरंध. मित्र म्हणतात, आर्मर म्हणजे नुसता थर्माकोल, ऐंशीच्या स्पीडला पडलास तर त्याने काय होणार? वर उन्हाळ्यात मरणाचं उकडतं. दहा-बारा हजार घालवावेत का?"

घालवावेत. पण नेमके कशावर, ते आधी बघू. 'आर्मर' (जॅकेट-पँटीच्या आत सांध्यांवर आणि पाठीवर बसवलेल्या, मार झेलणाऱ्या गाद्या) या एकाच नावाखाली दुकानात तीन-चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि त्यातली एक खरोखरच थर्माकोलची चुलतबहीण आहे. तुमच्या मित्रांनी बहुधा तीच पाहिली असावी.

माझा धंदा रायडिंग गिअर दुरुस्त करण्याचा आणि मापात बसवून देण्याचा. त्याआधी मी सॅक आणि ट्रॅव्हल बॅगा शिवायचो. जाड कापड ओढणारं मशीन हाताशी होतं म्हणून या कामात पडलो. गेली चौदा वर्षं पडलेल्या माणसांची जॅकेटं, पँटी, हातमोजे माझ्या टेबलावर येतात. माणूस आधी डॉक्टरकडे जातो, मग गॅरेजमध्ये, आणि पंधरा-वीस दिवसांनी जरा लंगडत माझ्याकडे. अपघात मला कधीच दिसत नाही, त्याने कापडावर काय करून ठेवलंय तेवढंच दिसतं.

गेल्या पावसाळ्यात आलेलं एक जाळीचं जॅकेट सांगतो. उजव्या बाहीला कोपराशी पुरीएवढं भोक. भोकाच्या कडा हाताला टणक आणि चकचकीत लागत होत्या, कारण पॉलिस्टर रस्त्यावर घासलं की झिजतं तसं थोडं वितळतंही. बाही उलटी करून आतल्या खिशातलं आर्मर बाहेर काढलं. एका अंगाने त्याची नक्षी साफ घासून गेलेली, वर डांबराचा काळा पट्टा, आणि मधोमध तांदळाच्या दाण्याएवढी खडी रुतलेली. ती चिमट्याने काढावी लागली. मालकाचं कोपर निळं-हिरवं झालं होतं, आठवडाभर वाकवताना कळ यायची, पण कातडी शाबूत होती.

आता त्याच जॅकेटचा खांदा. कापड वरून घासलेलं, आतलं आर्मर मात्र नवं कोरं. जॅकेट एक साईझ मोठं होतं, "थंडीत आत स्वेटर बसेल" म्हणून घेतलेलं, त्यामुळे खांद्याचं आर्मर खांदा सोडून दंडावर लोंबत होतं. त्या बाजूची कॉलरबोन मोडली. आर्मर जागेवर असतं तर ती वाचली असती, असा दावा मी करणार नाही. खांद्याच्या टोकावर येणारा तो जोर इतका असतो की बोटभर जाडीचा फोम त्याला नेहमी पुरतोच असं नाही. पण खांद्यावरचं जे सालपट निघालं ते निघालं नसतं. एकाच पडण्यात, एकाच बाहीवर, एका आर्मरने काम केलं आणि दुसरं नुसतं घाट बघून परत आलं.

आता ऐंशीच्या स्पीडचा मुद्दा. हा मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो आणि त्यात एक गल्लत आहे. बाईकवरून पडताना तुमच्या अंगात दोन वेग असतात, एक पुढे जाण्याचा आणि एक खाली येण्याचा. खाली येण्याचा वेग स्पीडोमीटर ठरवत नाही, उंची ठरवते. एक मीटरवरून पडलेली वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी १६ किलोमीटर असतो, मग बाईक तीसने चाललेली असो की ऐंशीने. बसलेल्या माणसाचं कोपर, कंबर, गुडघा साधारण या उंचीच्या आत-बाहेर असतात. हे जे धाडकन आपटणं आहे, ते आर्मरचं काम. (मागचं चाक घसरून पुन्हा पकड घेतं आणि माणूस वर फेकला जातो, त्या प्रकारात उंची वाढते आणि हिशोब बिघडतो. ते वेगळं.)

पुढे जाण्याचा वेग घसरण्यात खर्च होतो, आणि तिथे आर्मरपेक्षा कापड आणि शिवण महत्त्वाची. ताशी ५० ला पडून माणूस डांबरावर घसरत थांबायला साधारण दोन सेकंद आणि पंधरा मीटर लागतात. रोजच्या वापरातली साधी जीन्स डांबरावर एका सेकंदाच्या आत फाटते. उरलेला सेकंद कोण झिजतं ते सांगायला नको.

तिसरा प्रकार म्हणजे पुढच्या वेगानेच कशावर तरी जाऊन आदळणं: कठडा, झाड, उभा ट्रक. इथे तुमचे मित्र बरोबर आहेत. ऐंशीने कठड्यावर गेलात तर गुडघ्यावरच्या फोमने काही वाचत नाही. पण सगळी पडणी अशी नसतात. लॉस एंजेलिसमध्ये हॅरी हर्ट आणि त्यांच्या चमूने ९०० मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला, त्याचा अहवाल १९८१ साली आला. त्यात अपघाताआधीच्या वेगाचा मध्यांक (म्हणजे निम्मे त्याच्या खाली, निम्मे वर) ताशी ४८ किलोमीटर निघाला आणि प्रत्यक्ष धडकेच्या क्षणी ३५. अहवाल जुना, देश दुसरा, हे मान्य. पण माझ्या टेबलावर येणारे लोकही तीस ते पन्नासच्या मधलेच आकडे सांगतात. त्यात मी मनातल्या मनात दहा मिळवतो, तरी चित्र फार बदलत नाही. खडीवर पुढचं चाक गेलं, पावसात पांढऱ्या पट्ट्यावर ब्रेक दाबला, रिक्षाने अचानक यू-टर्न घेतला, कुत्रं आडवं आलं. लोक अशी पडतात.

आता वस्तू बघू. युरोपात आर्मरसाठी ईएन १६२१ नावाचं मानक आहे आणि आपल्याकडची बरी जॅकेटंही तेच लावतात. त्याचा पहिला भाग कोपर, खांदा, गुडघा, नितंबासाठी, दुसरा पाठीसाठी, तिसरा छातीसाठी, चौथा एअरबॅगसाठी. चाचणी अशी की लोखंडी ऐरणीवर आर्मर ठेवायचं आणि वरून ५ किलोचं वजन ५० ज्यूल ऊर्जेने आपटायचं, म्हणजे जवळपास एक मीटरवरून सोडायचं. खाली ऐरणीपर्यंत किती जोर पोहोचला तो मोजायचा. कोपर-गुडघ्याच्या लेव्हल १ ला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतं, लेव्हल २ ला २० पर्यंत. पाठीचं मानक कडक आहे, लेव्हल १ ला १८ आणि लेव्हल २ ला ९. एक किलोन्यूटन म्हणजे शंभर किलो वजनाचा दाब समजा.

फोमने एवढा फरक कसा पडतो, हे लोकांना पटत नाही. तेच ५० ज्यूल थांबवायला २ मिलिमीटर जागा मिळाली तर सरासरी जोर २५ किलोन्यूटन होतो. १ सेंटिमीटर मिळाली तर ५. जादू एवढीच आहे की थांबायला जागा मिळते. साधा उशीचा फोम ही जागा देत नाही. तो क्षणात तळाला चेपतो आणि मार पलीकडे पोहोचतो. चांगलं आर्मर बोटाने हळू दाबलं तर मऊ लागतं आणि जोरात मारलं तर घट्ट होतं. डी३ओ हे यातलं गाजलेलं नाव, पण तशी सामग्री बनवणारे आता बरेच आहेत.

हे आकडे वाचून शंका यायला हवी. हाड मोडायला काही किलोन्यूटन पुरतात, मग ३५ किलोन्यूटन पोहोचू देणारं लेव्हल १ कसलं रक्षण करणार? शंका रास्त आहे. ऐरणीवर मांस नसतं, ऐरण हलतही नाही. खऱ्या कोपराला दोन्ही सवलती मिळतात, म्हणून मोजलेला आकडा जसाच्या तसा हाडावर येत नाही. तरीही हातापायाच्या लेव्हल १ चं मानक सैल आहे, हे माझंही मत आहे. दोन्हींच्या किमतीत फारसं अंतर नसेल तर कोपर-गुडघ्याला लेव्हल २ च घ्या.

प्रत्यक्ष रस्त्यावर काय होतं, त्याचा मला सगळ्यात विश्वासाचा वाटणारा अभ्यास ऑस्ट्रेलियातला आहे. लिझ डी रोम आणि सहकाऱ्यांनी कॅनबेरा परिसरात पडलेल्या २१२ चालकांच्या दुखापती आणि त्यांच्या अंगावरचे कपडे दोन्ही तपासले. निष्कर्ष २०११ साली छापून आले. मोटारसायकलचं जॅकेट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हायची शक्यता २१ टक्क्यांनी कमी होती, पँट घातलेल्यांना ५१ टक्क्यांनी, हातमोजे घातलेल्यांना ५९ टक्क्यांनी. कपड्यात आर्मर बसवलेलं असेल तर दुखापतीची शक्यता शरीराच्या वरच्या भागात २३ टक्के, हात-मनगटाला ४५ टक्के आणि पायांना ४० टक्के कमी. आणि हाडं मोडण्याच्या बाबतीत? आर्मरचा परिणाम दिसलाच नाही.

हा शेवटचा निकाल विक्रेते सांगत नाहीत आणि थर्माकोलवाले मित्र तेवढाच सांगतात. माझ्या टेबलावरचा अनुभव त्याच्याशी जुळतो. आर्मर कातडी वाचवतं, सांध्यावरचं मांस वाचवतं, मुका मार कमी करतं. फ्रॅक्चरची हमी देत नाही. दहा हजारांत फ्रॅक्चरचा विमा मिळतोय असं समजून घेणार असाल तर नका घेऊ. पण "नुसतं खरचटलं" या शब्दांत काय काय मावतं हे ज्यांनी भोगलंय ते घेतात.

मी भोगलंय. २०१२ साली मुळशीच्या पुढे एका वळणावर डंपरमधून सांडलेल्या वाळूवर माझं पुढचं चाक गेलं. वेग चाळीसच्या आसपास. डाव्या अंगावर पडलो. जॅकेट घट्ट होतं, कोपराला काही झालं नाही. गुडघ्याला वरून पट्ट्याने बांधायचे गार्ड होते, दोन वर्षं वापरून त्यांचं वेल्क्रो केसाळ झालेलं. जमिनीला टेकताक्षणी डावा गार्ड नडगीवर सरकला आणि गुडघा उघडा पडला. त्यानंतरचं जास्त लक्षात आहे. दवाखान्यात त्या गुडघ्यातली वाळू ब्रशने घासून काढली. ती काढावीच लागते, नाहीतर कण कातडीखाली राहून गोंदल्यासारखे काळे डाग कायमचे राहतात. भूल होती, पण अर्धवटच. तीन आठवडे जिना चढता-उतरता आला नाही, दुकान बंद. माझ्या गुडघ्यावर दोन काळे ठिपके आजही आहेत, सुटलेले. गार्ड चांगल्या प्रतीचा होता बरं का. वेल्क्रो साठ रुपयांत बदलून मिळालं असतं, आणि ते बदलण्याचं दुकान माझंच होतं.

म्हणून गिऱ्हाईक लेव्हलबद्दल विचारायला लागलं की मी आधी मापाकडे वळतो. लेव्हल २ आर्मर सैल बाहीत असण्यापेक्षा लेव्हल १ घट्ट बाहीत असलेलं मी पत्करीन.

जॅकेट घेताना आरशासमोर उभं राहून बघू नका. दुकानात बाईक नसेल तर खुर्चीवर उलटं बसून खुर्चीच्या पाठीवर हात टेकवा, हँडल धरल्यासारखे. आता सोबतच्याला सांगा, कोपराचं आर्मर बाहेरून चिमटीत धरून मनगटाकडे ओढ. दोन बोटांपेक्षा जास्त सरकलं तर ते जॅकेट तुमचं नाही, किंवा दंडावरचे आणि मनगटाजवळचे पट्टे आवळून पुन्हा बघा. मग आडवं फिरवायला सांगा. माणूस घसरतो तेव्हा बाही हाताभोवती गोल फिरते आणि कोपराचं आर्मर आतल्या बाजूला येऊन बसतं. घासलेल्या जॅकेटांत मला हे सगळ्यात जास्त दिसतं, भोक एकीकडे आणि आर्मर दुसरीकडे. बाही नुसती लांबीला बरोबर असून चालत नाही, घेराला हवी. घेर कमी करून घेणं सोपं काम आहे, आतल्या शिवणीतून एक टीप मारली की झालं. पण बाहेरची मुख्य शिवण उसवून देऊ नका कुणाला. गल्लीतला शिंपी साध्या दोऱ्याने एकेरी टीप मारून देतो, दिसायला सुबक, आणि पहिल्या घासणीला ती उघडते.

बायकांची अडचण जास्त आहे. पुष्कळ मुली पुरुषांच्या मापाचं स्मॉल घेतात. खांदे रुंद, म्हणजे खांद्याचं आर्मर दंडावर. कंबर सैल, म्हणजे पडल्यावर जॅकेट बगलेपर्यंत वर. कमरेला आवळायचा पट्टा आणि मागे पँटशी जोडायची झिप असेल तर निम्मं काम होतं. ती झिप फार थोडे लोक लावतात. दुरुस्तीला आलेल्या पँटींवर ती कोरी करकरीत असते.

गुडघ्याचं आर्मर उभं राहिल्यावर जरा खाली आहे असं वाटायला हवं. बसलात की पँट वर ओढली जाते आणि ते वाटीवर येतं. उभ्याने अगदी बरोबर दिसतं ते बसल्यावर मांडीवर जातं. बऱ्याच पँटींत खिसा उंचीला कमी-जास्त करायला दोन-तीन वेल्क्रो पट्ट्या असतात, त्या तशाच, आलेल्या जागी राहतात. दहा मिनिटं खर्च करा. नितंबाचं आर्मर चुकीच्या जागी असणं तर जवळपास ठरलेलंच. मांडीच्या बाहेरच्या अंगाला, पाय हलवला की हाताखाली सरकणारं जे टणक उंचवट्याचं हाड लागतं, त्याच्यावर ते यायला हवं. खिशाच्या मागे, चरबीवर आलेलं असेल तर बसायला मऊ लागेल एवढंच.

पाठीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण थर्माकोलची चुलतबहीण राहते ती तिथे. अनेक जॅकेटांच्या पाठीच्या खिशात पातळ फोमची एक चादर घालून देतात, कधी तिला भोकं पाडलेली, कधी वर छान नक्षी. खिसा भरलेला दिसावा म्हणून ती असते. ओळख सोपी आहे. आर्मर बाहेर काढा आणि त्याच्या अंगावरच साच्यात उमटवलेली खूण शोधा: मोटारसायकलस्वाराचं छोटं चित्र, ईएन १६२१ हा आकडा, शरीराची जागा सांगणारं अक्षर आणि लेव्हल. जॅकेटच्या लेबलवर 'सीई' (युरोपातल्या नियमांत बसत असल्याची खूण) असणं पुरेसं नाही, कधीकधी ते फक्त खांदा-कोपराच्या आर्मरबद्दल असतं. पाठीची चादर कोरी निघाली तर त्याच मापाचं लेव्हल २ वेगळं विकत घ्या. मात्र पाठीच्या आर्मरकडून मणक्याची अपेक्षा मोजकीच ठेवा. मणका बऱ्याचदा वाकल्याने, पिळवटल्याने जातो, सरळ पाठीवर मार बसून कमी वेळा. बरगड्या, खांद्याची पाती, आणि सॅकमधला लॅपटॉप किंवा कुलूप पाठीत घुसणं, यासाठी ते कामाचं. हो, कुलूप. कमरेच्या पाऊचमध्ये जाड साखळी आणि कुलूप घेऊन हिंडणाऱ्यांनी ते टाकीवरच्या बॅगेत ठेवावं.

कॅनबेराच्या त्याच अभ्यासातला आणखी एक आकडा मला धंद्याच्या माणसाला टोचला. अपघातात सापडलेल्या मोटारसायकलच्या जॅकेटांपैकी जवळपास ३० टक्के, पँटींपैकी २८ आणि हातमोज्यांपैकी २६ टक्के फाटून निकामी झाली होती. गिअर म्हणून विकलेली वस्तूसुद्धा धड टिकत नाही, असा त्याचा अर्थ. युरोपात २०२० साली ईएन १७०९२ हे कपड्यांचं मानक आलं, त्यात ट्रिपल ए, डबल ए, सिंगल ए असे वर्ग आहेत, आणि बी म्हणजे आर्मरविना कापड, सी म्हणजे कापडाच्या हमीविना नुसतं आर्मर. सी वर्गातला जाळीचा आर्मर-शर्ट आतून घालून वर टी-शर्ट चढवणारे पुण्यात भरपूर दिसतात. आपटण्यापासून रक्षण आहे, घसरण्यापासून नाही. शहरात तीसच्या वेगाने मी ते समजू शकतो, घाटात नाही. कपड्याचा वर्ग लेबलवर नसेल तर कोपराच्या आणि खांद्याच्या शिवणी बघा. एक ओळ दिसते की दोन-तीन, आणि ओढल्यावर टाक्यांमधून उजेड दिसतो का. उजेड दिसला तर ठेवून द्या.

आता उकाडा. ही तक्रार खरी आहे, तिला पुरुषी उत्तरं देणाऱ्यांचा मला राग येतो. एप्रिलच्या दुपारी सिग्नलला उभं राहून डोकं गरगरायला लागलं तर तेही पडण्याचंच कारण होतं. पुण्यात रोजच्या वापराला जाळीचं जॅकेट घ्या. छातीला, दंडाला जाळी आणि खांदा-कोपराला मात्र जाड सलग कापड असलेलं. सगळीकडे जाळीच असलेलं नको. आतला टी-शर्ट निघताना ओला करून घाला, चालत्या गाडीवर अर्धा तास तरी गार राहतं. पावसाळी अस्तर काढून घरी ठेवा. निम्म्या लोकांचं उकडणं त्या अस्तरामुळे असतं, ते मार्चमध्येही आतच असतं.

उष्णतेचा आर्मरवरही परिणाम होतो, हे फार कमी जण बघतात. हे मऊ आर्मर तापलं की आणखी मऊ होतं आणि गारठलं की दगड. मानकात ४० अंश आणि उणे १० अंश तापमानाला वेगळी, ऐच्छिक चाचणी आहे. ती पार केलेल्या आर्मरवर 'टी प्लस' आणि 'टी मायनस' उमटवलेलं असतं. नागपूर-चंद्रपूरकडच्या माणसाने टी प्लस बघितल्याशिवाय घेऊ नये, आणि जूनमध्ये लेहला जायचा बेत असेल तर टी मायनसही बघा. गाडीवर उन्हात जॅकेट पसरून ठेवून चहा प्यायला जाऊ नका, हे ओघाने आलंच.

पैशांचं सांगतो. हेल्मेट चांगलं, आयएसआय खुणेचं, घट्ट बसणारं आहे असं मी धरून चाललोय. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली आणि त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. त्यात डोक्याचा वाटा मोठा, आर्मर नंतर येतं. हेल्मेट नसेल तर हे दहा हजार आधी तिकडे. असेल, तर पहिले अडीच-तीन हजार हातमोज्यांना. पडताना माणूस हात पुढे करतोच, ते थांबवता येत नाही. तळहात रस्त्याला चिकटला की सगळं वजन मनगटावर येतं, तिथलं काजूएवढं स्कॅफॉइड नावाचं हाड मोडतं, आणि त्याला रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने ते महिनोन्महिने जुळत नाही. तळव्याच्या पायथ्याशी कडक, गुळगुळीत चकती असलेले हातमोजे घ्या, हात घसरतो आणि मनगट सुटतं. बोटांच्या गाठींवरचं चकचकीत प्लास्टिक फोटोपुरतं ठीक.

मग जॅकेट, सहा-सात हजारांत बरं मिळतं. उरलेल्यात गुडघे. रोज ऑफिसला रायडिंग पँट घालणं तुमच्याने होणार नाही, माझ्यानेही होत नाही. पट्ट्याचे गार्ड चालतील, पण पोटरीच्या जाड भागाच्या वर एक आणि गुडघ्याच्या वर एक असे दोन पट्टे असलेलेच, आणि वेल्क्रो केसाळ झालं की बदला. घाटासाठी पुढच्या दिवाळीत पँट. बुटांना वेगळे पैसे नाहीत म्हणालात तरी चप्पल-सँडल बंद करा. घोट्याच्या वर येणारा साधा चामडी बूटसुद्धा चालेल. कॅनबेरात मोटारसायकलचे नसलेल्या साध्या बुटांनीही स्पोर्ट्स शूजच्या तुलनेत पायाची दुखापत निम्म्याहून कमी झालेली दिसली. अख्ख्या अभ्यासातली सर्वांत स्वस्त गोष्ट हीच.

मागच्या सीटबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, कुणीच विचारत नाही. रविवारी ताम्हिणीला पुढे डोक्यापासून पायापर्यंत सज्ज असलेला गडी आणि मागे कुर्ता-लेगिंग्ज, चपला, ओढणी. लेगिंग्ज घासल्या की वितळून कातडीला चिकटतात. एक जास्तीचं जॅकेट आणि हातमोजे घरात असू द्यात. माप तिचं घ्या, तुमचं जुनं तिला नको.

एक आर्मर किती वर्षं? पडलात तर त्या जागचं बदला, बाहेरून धड दिसलं तरी. न पडता चार-पाच वर्षांनी बाहेर काढून वाकवा, पिळा. चिरा दिसल्या, कडा भुरभुरायला लागल्या किंवा दाबलेला खळगा परत वर येईना, तर गेलं.

आणि धुताना आर्मर काढा, पण ते कुठे ठेवलंय ते लक्षात ठेवा. गेल्या वर्षी एक जण जॅकेट घेऊन आला, दोन्ही कोपरांना भोकं आणि दोन्ही खिसे रिकामे. आर्मर कुठाय विचारलं तर म्हणाला, गॅलरीत वाळत घातलं होतं. परत घालताना डावं-उजवं बघा, वरची बाजू बघा. कपासारखा खोलगट भाग कोपराच्या टोकावर येतो आणि निमुळतं शेपूट मनगटाकडे जातं. उलटं बसवलेलं मी आठवड्याला एखादं तरी सरळ करून देतो. त्याचे पैसे घेत नाही.